तुझ्या नावाचा गळ

प्रिय कुंदा,

काल आपण जाऊन आलो. मी, नयना आणि तू. आज सकाळपासून खांदा धरलाय, चहाचा कप उचलताना कळ येते. तरी लिहायला बसलोय. काल मला एक गोष्ट कळली, आणि ती तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवायचं नाही. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही ती. तुझ्यावर थोडा रागही आहे, तोही काढायचाय.

तुला पत्र असं मी कधी लिहिलंच नाही. लग्नाआधी धाडस नव्हतं, आणि लग्नानंतर मुलुंडच्या त्या एका खोलीत पत्र लिहून टाकणार कुठे? चुलीपासून खाटेपर्यंत? मी तुझ्याशी जे बोललो ते तोंडानेच. बरंच बोललो म्हणा. तू म्हणायचीस, ह्यांच्या तोंडाची मोटार जळत कशी नाही. दुसऱ्यांच्या जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून देण्यात जन्म गेला माझा, आणि घरात ही किंमत.

तुझ्या दहाव्याचं तुला ठाऊक असेलच. पण माझ्या बाजूने कसं होतं ते ऐक.

घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते, नव्हते असं नाही. भिंतीवर ओळीने बसले होते, नंबर लागायचाय अशा थाटात. पण खाली एक उतरेल तर शपथ. तुझा भाऊ दिगंबर पुढे झाला. "बाय, नयनाची काळजी करू नको. मामा आहे तिचा." कावळे ढिम्म. मग नयना गेली, हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन. बोरिवलीला नेईन. नाही आले तर मी येत जाईन." एक कावळा पिसं साफ करायला लागला. कुणी गावच्या घराची कौलं बदलू म्हणालं, कुणी आणखी काही. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसेल तर त्याने पिंडाला शिवायचं आणि सगळ्यांनी घरी जायचं.

गवताच्या कावळ्यावर भागवून घेणारी बाई आहेस का तू? मी न विचार करता मोठ्याने बोलून गेलो, "कुंदा, मोठ्या पाण्यावर होडीतून गरवायला नेईन तुला."

"काय करायला?" भटजींनी विचारलं.

"गरवायला. गळ टाकून मासे धरायला."

भटजी तोंड उघडणार, तेवढ्यात एक कावळा उतरला. मग दुसरा. मग सगळी भिंतच खाली आली.

दिगंबर रडता रडता हसला. "बघा, आमची बाय माशासाठी अडकली होती." सगळेच हसले. सुतकातलं ते पहिलं हसू होतं, मलाही बरं वाटलं. मग ते वाक्य नातेवाइकांत फिरत राहिलं. कुणाच्या बारशाला, कुणाच्या साखरपुड्याला, तुझा विषय निघाला की कुणीतरी ते सांगायचं. नयनाही हसायची. ती कशी हसते आहे, ते मी बघितलं नाही.

तू मासे धरायचीस हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, कुंदा. सगळं ऐकलेलं. तुमच्या गावच्या नदीवर भरतीच्या वेळी तू परकर खोचून खडकावर बसायचीस, हातात नुसती दोरी, काठीसुद्धा नाही, आणि शेंगटी, काळुंदर पिशवीभर आणायचीस. तुझी आई सांगायची. इथे आलीस आणि ते सगळं संपलं. मासे आणायचीस ते बाजारातून, कोळणीशी भांडून.

पण अंधेरीला तुझ्या बहिणीकडे जाताना बसमध्ये तू तळ्याच्या बाजूची खिडकी धरायचीस. पवई आली की तुझं बोलणं बंद. काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसायची, आणि तू काचेला नाक लावून म्हणायचीस, "त्याची दोरी सैल आसा. मासो खावन जातलो." धावत्या बसमधून तुला दोरी दिसायची. मला माणूससुद्धा नीट दिसायचा नाही.

मी विचारायचो, "उतरायचंय का?"

"काय उतरूक? तिकीट अंधेरीचा काढलास."

एवढंच. मग पुढचा स्टॉप येईपर्यंत तू गप्प. का गं नुसती खिडकी धरून बसलीस? एकदा उतर म्हणायचं होतंस. मी कुरकुरलो असतो, पण उतरलो असतो. मागायची सवयच नव्हती तुला. साडीसुद्धा कधी मागितली नाहीस, दुकानासमोर उभी राहून "रंग बरा आसा" एवढंच म्हणायचीस, आणि ते आपलं आपण ओळखायचं.

आणि मग आजारपणात ते मोबाइलवरचं बघणं. मोठं धरणाचं पाणी, त्यात होडी, होडीत लाल जॅकेट घातलेली माणसं. भाड्याने वाटाड्या घ्यायचा, तो अर्धा दिवस आपल्याला माशांच्या जागा दाखवत फिरवतो. मासा धरायचा, हातात घेऊन फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. एकदा मी आत आलो तर तू म्हणत होतीस, "पैशे देवन गरवूक जातत? आणि धरल्यार सोडून देतत? येडे खंयचे." असं म्हणून परत पहिल्यापासून लावायला सांगितलंस. तेच माझ्या डोक्यात राहिलं होतं, तेच घाटावर तोंडातून निघालं.

शब्द तर दिला. पण गेलेल्या माणसाला मासे धरायला न्यायचं कसं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि वर्षश्राद्ध जवळ यायला लागलं तशी मला झोप लागेना. शेवटी नयनाला म्हटलं. तिने लगेच एका वाटाड्याचा नंबर दिला. इतका पटकन कसा मिळाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"मी गाडी घेऊन येते," ती म्हणाली. "पण बाबा, एक सांगते. मला गळाला हात लावायला सांगायचं नाही. तुम्ही धरा, काय करायचं ते करा. मी नुसती बसणार."

"अगं, पण आईच्या नावाने तू धरायला हवंस. मी धरून काय उपयोग? माझ्या सात पिढ्यांत कुणी मासा धरलेला नाही, खाल्लाय फक्त."

"हात लावणार नाही म्हटलं ना."

आवाज तुझाच. पुढे बोलण्यात अर्थ नसतो तो.

मला वाटलं, कावळ्याचं मनात धरलंय पोरीने. आणि तिचं चुकलं असंही म्हणवेना. तुझ्या आजारपणात बोरिवली-मुलुंड, बोरिवली-मुलुंड करून ती अर्धी झाली. तुला अंघोळ घातली, कूस बदलली, डबे भरले. आणि घाटावर तिच्या शब्दाला कावळा हलला नाही, माशाच्या नावाने हलला. वर सगळ्यांना त्याचं हसू. मला आतून कुठेतरी ठाऊक होतं की तुला दिलेला शब्द नयनाने गळ धरल्याशिवाय फिटायचा नाही. तिने धरला नाही, तर मी एक म्हातारा उगाच होडीत बसून येणार, आणि तू तशीच खिडकीशी.

फोनवर त्या वाटाड्याने विचारलं, किती जण? मी म्हटलं, तिघं.

काल पहाटे निघालो. आदल्या संध्याकाळी मी बाजारातून ओली कोळंबी आणून ठेवली होती. गळाला तू कोळंबी लावायचीस, एवढी माहिती मला होती. बर्फात घातली, पिशवीवर पिशवी चढवली. ऐरोलीचा पूल उतरेपर्यंत गाडीत वास सुटला. घाट चढताना नयनाने सगळ्या काचा खाली केल्या.

"बाबा, डिकीत टाका ती."

"डिकीत गरम होईल."

"गाडी विकावी लागेल मला."

मी पिशवी हातात घेतली आणि तो हात काचेबाहेर काढून बसलो. तुला हे आवडलं असतं, नाही? मासळीच्या वासाने कधी नाक मुरडलं नाहीस तू. पिशवी काचेबाहेर धरून मी पूर्ण घाट चढलो आणि मनात म्हटलं, कुंदा, बघ, तुझ्यासाठी काय काय.

पाणी आलं तेव्हा ऊन नुकतं पडत होतं. अगं, केवढं पाणी. पवईसारखी दहा तळी ओतली तरी भरायचं नाही. समोरचा डोंगर अर्धा पाण्यात, आणि पलीकडचा काठ दिसेल न दिसेल असा. मी दरवाजा उघडला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. तू बाजूला असतीस तर एक शब्द बोलली नसतीस. नुसतं माझ्या बाहीला धरलं असतंस.

वाटाड्या म्हणजे प्रवीण नावाचा गडी. टोपी उलटी, गॉगल कपाळावर, शब्दाशब्दाला इंग्रजी. होडी फायबरची, मागे इंजिन. त्याने मला आणि नयनाला लाल जॅकेट चढवलं, तिसरं हातात धरून रस्त्याकडे बघितलं.

"तिसरे येतायत का मागून, काका?"

"आल्यात त्या."

नयना काही न बोलता काठाकाठाने पुढे चालायला लागली. प्रवीणने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माझी बायको," मी म्हटलं. "गेल्या वर्षी वारली. तिला नेईन म्हणून शब्द दिलाय."

त्याने डोकं खाजवलं. मग ते जॅकेट होडीत मधल्या फळीवर ठेवलं आणि त्याचा पट्टाही लावला. "नियम आहे आपला. नाव तिघांचं, तर जॅकेट तिघांची. रॉडपण तीनच लावतो." बरा वाटला मला गडी.

पाण्याच्या मधोमध एका बुडालेल्या टेकाडावर त्याने इंजिन बंद केलं. "इथे खाली माशांचा रोजचा रस्ता आहे," म्हणाला. तेव्हा मी मोठ्या अभिमानाने पिशवी उघडली. त्याने आत डोकावलं आणि दोन हात मागे सरकला.

"काका, हे काय?"

"कोळंबी. ताजी आहे, मुलुंडच्या बाजारातली."

"अहो, इथे रोहू आणि कटला. कोळंबी घालून काय करणार? शाकाहारी मासे आहेत ते."

शाकाहारी मासे. आपल्या कुळात कुणी ऐकलं असतं का हे? मी नयनाकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती, पण तिचा खांदा हलला. प्रवीणने डबा काढला, शेंगदाण्याची पेंड, कणीक, गूळ, हिंग घालून मळलेला गोळा. वास असा की मलाच एक खावासा वाटला. गळाला त्याच्या गोळ्या लावल्या, काठ्या होडीच्या कडेला उभ्या केल्या, आणि प्रत्येक काठीच्या टोकाला एक बारीक घुंगरू अडकवलं. मासा ओढायला लागला की वाजतं. माझ्यासमोर एक, तुझ्या जॅकेटसमोर एक, नयनासमोर एक.

नयनाने तिच्यासमोरची काठी उचलून प्रवीणच्या हातात दिली. "मला नको. ठेवून द्या."

मी माझी काठी जवळ ओढली.

मग सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे मीच बोलत होतो. त्या रिळाकडे बघून माझे हात शिवशिवायला लागले. तार कशी गुंडाळावी हे मला सांगायचं? जन्मभर तांब्याची तार गुंडाळली मी. प्रवीणला म्हटलं, बाबा, तुझं हे वाइंडिंग ढिलं आहे, मधे फुगवटा येतोय, थर सरळ बसायला पाहिजे. तो म्हणाला, काका, राहू द्या. मी म्हटलं, एक मिनिट. रिळाचं कुलूप कसं उघडतात ते बघून घेतलं होतं. उघडलं, आणि दोरी अशी उसळून बाहेर आली की बोटांत, बटणांत, चष्म्याच्या काडीत, सगळीकडे जाळं. प्रवीण ते सोडवायला खाली बसला. मी दोन्ही हात वर करून बसलो, स्वेटर विणणाऱ्या बाईला लोकरीची लड धरून द्यावी तसा.

आणि तेव्हाच घुंगरू वाजलं.

माझं नाही. माझी काठी तर होडीत आडवी. मधलं वाजलं, तुझ्या जॅकेटसमोरचं. काठी एकदा वाकली, सरळ झाली, आणि मग इतकी वाकली की टोक पाण्याला टेकलं. प्रवीण माझ्या दोरीत. मी माझ्या दोरीत. त्या काठीजवळ हात पोचेल असं एकच माणूस होतं होडीत.

"ताई!" प्रवीण ओरडला. "गेली, गेली, रॉड गेली!"

नयना उठली नाही. मी तिच्याकडे बघितलं. काठी कडेवरून सरकायला लागली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले. आणि मग कुंदा, ती एकदम वाकली, अर्धी पाण्यावर, आणि दोन्ही हातांनी काठी पकडली. रीळ किंचाळायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा गळ ओढतोय."

मी उठायला गेलो, तर दोरीने परत खाली बसवलं.

"सोडा त्याला, ताई, पळू द्या," प्रवीण तिथूनच सांगत होता. "आता घ्या. हळू. ओढू नका, नुसती दोरी ताठ ठेवा."

"सैल नाही सोडायची," नयना दात आवळून म्हणाली. "माहितीये मला. सैल सोडली तर खाऊन जातो."

बसच्या खिडकीत तुझ्या मांडीवर बसलेली असायची ती. ऐकत होती म्हणजे.

किती वेळ चाललं, देव जाणे. मासा खाली जायचा, ती जाऊ द्यायची. थांबला की ती दोन फिरक्या घ्यायची. घाम गळत होता, केस तोंडावर आलेले, जॅकेट गळ्याशी चढलेलं. मी माझ्या मुलीला अशी कधी पाहिली नव्हती. तुला पाहिली असती नदीवर, तर अशीच पाहिली असती का? मी तिच्यात तुला बघत होतो, आणि लाज वाटते सांगायला, मला तिचा थोडा हेवा वाटला. ती तुला धरून होती. मी नुसता बघत होतो.

वर आला तो कटला. डोकं एवढं मोठं, ओठ जाड, तोंड वाकडं. दिगंबर रुसल्यावर दिसतो तसा. प्रवीणने जाळीत घेतला, गळ काढला, आणि नयनाला हात ओले करायला सांगितले.

"फोटो काढू?"

"नको," ती म्हणाली.

"मग पाण्यात धरा. शेपटीशी एक हात, पोटाखाली एक. ढकलायचं नाही हां. त्याला दम लागलाय. त्याचं त्याला बरं वाटलं की जाईल."

तिने तसं धरलं. तिच्या हातांना ते नवीन नव्हतं. तुला कुशीवर वळवताना एक हात असा, एक तसा. मासा कल्ले उघडत-मिटत होता, ती त्याला नुसती सांभाळून होती. मग त्याने शेपटी एकदा हलवली आणि गेला. हात पाण्यातच ठेवून ती वाकून बसली. पाठ हलत होती.

मला राहवलं नाही. "नयने," म्हटलं, "घाटावर कावळा तुझ्या बोलण्यावर उतरला नाही, ते मनात ठेवलंस ना? अगं, तू मला सांभाळशील हे तिला ठाऊकच होतं. ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी कोण अडून बसतं?"

किती चांगलं वाक्य. गाडीत पाठ करून ठेवलं होतं मी.

तिने बाहीने तोंड पुसलं. "कावळ्याचं काय, बाबा? त्याला भूक लागली की तो येतो."

"मग?"

"तो व्हिडिओ ती कुणाच्या मोबाइलवर बघायची?"

"तुझ्या."

"रोज दुपारी. तुम्ही झोपलेले असायचात. मी तिचे पाय चेपत असायचे. ती म्हणायची, खाऊक कोणाक व्हयो तो गोड्या पाण्यातलो मासो? माका त्याची वढ बघूची आसा. म्हणायची, माका बरा वाटला की आपण दोघी जावया. ठरलं होतं आमचं. ह्यांचा नंबरसुद्धा मी तेव्हाच काढला होता." प्रवीण आमच्याकडे पाठ करून पेंडेच्या गोळ्या वळायला लागला. "आणि तुम्ही घाटावर सगळ्यांसमोर ते तुमचं म्हणून बोललात. मी नेईन म्हणालात. मामा हसला, सगळे हसले. मग ते सगळ्यांचंच झालं. बारशाला, साखरपुड्याला. माझ्याकडे तेवढंच होतं बाबा, तिचं आणि माझं. दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं."

पाणी होडीला चाटत होतं. माझ्या शर्टाला अजून दोरी लटकलेली.

मी विचारलं, "दोघी? मी नको?"

तिने ओले हात जॅकेटला पुसले.

"मला नको म्हणाली का ती?"

नयनाने माझ्या मांडीवरच्या गुंत्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. रडणं आणि हसणं एकत्र आलं. "म्हणाली, बाबांका नको. ते माका शिकवीत बसतले."

प्रवीणची पाठसुद्धा हलली. मी हसलो, कुंदा. दुसरं काय करणार? पण घरी आल्यापासून ते वाक्य मला सोडत नाही. मला घरी ठेवून तुम्ही दोघी जाणार होतात. मी जेवून झोपलेलो, आणि बाजूच्या खाटेवर बेत शिजतोय. मला काहीच कसं कळू दिलं नाहीस? मी शिकवलं असतं, हे खरं. त्या नदीवरच्या पोरीला मी दोरी कशी धरायची ते शिकवलं असतं. पण मी काठावर बसलो असतो ना गं. तोंड मिटून बसलो असतो. नाही बसलो असतो, माहीत आहे मला. तरी विचारायचं होतंस.

हा राग. काढला. आता नाही.

नंतर दुपारपर्यंत नयनाने तुझी काठी सोडली नाही. आणखी एकही मासा लागला नाही. ती तुझ्या जॅकेटला टेकून बसली होती, डोळे दोरीवर. मी एक अक्षर बोललो नाही. प्रवीणने एकदा विचारलं, काका, बरं वाटतंय ना? कोळंबी त्याला देऊन टाकली. घरी बायको खूश होईल म्हणाला, तळ्यावर राहून कोळंबी मिळत नाही त्यांना.

परत येताना घाट उतरल्यावर चहाला थांबलो. नयना ग्लास दोन्ही हातांत धरून उभी होती. बोटांवर दोरीचे लाल वळ उठलेले. म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात मी परत जाणार आहे."

"जाऊ या की. आता मला रिळाचं तंत्र कळलंय."

"तुम्ही नाही. मी एकटी." मग चहाकडे बघत म्हणाली, "एकटी म्हणजे, दोघी."

वर्षभर तुझ्याबद्दल मीच बोलत आलोय, कुंदा. फोन आला की मी, कुणी भेटायला आलं की मी. माझी कुंदा अशी, माझी कुंदा तशी. ती पोर बाजूला चहाचे कप उचलत असायची. तुझं म्हणून माझ्याकडे घरभर काही ना काही आहे: तुझी बाजाराची पिशवी, तुझा ओटा, तुझी उशीची बाजू. मी हात लांब केला की तू नाहीस हे मला कळतं, पण कुठे नाहीस ते तरी ठाऊक असतं. तिच्याकडे तेवढंच पाणी होतं, आणि त्यातही मी माझा गळ टाकला.

"जा," मी म्हटलं. "नीट जा."

तर आता तुला एक शब्द देतो, आणि हा कुणाला ऐकू जाणार नाही असा देतो, कागदावर. तुम्ही दोघी जाल त्या दिवशी मी घरात बसेन. पहाटे तिचा फोन येईल, निघते म्हणून, तेव्हा गाडी हळू चालव एवढंच सांगेन. दिवसभर तुमची वाट बघेन, ते चुकवता यायचं नाही मला. पण ती परत आल्यावर काय धरलं, किती वेळ लागला, दोरी कशी ठेवलीस, काही विचारणार नाही. तुम्ही दोघी काय बोललात, हे तर मुळीच नाही. ती सांगेल तेवढं ऐकेन. नाही सांगितलं, तर तिला जेवायला वाढेन आणि गप्प बसेन.

जमेल मला. तू हसू नकोस.

तुझा,
वसंत